मडकं वाजवून घ्यावं

गेल्या रविवारी भाचा सायकल खांद्यावर टाकून तीन जिने चढून वर आला. सायकल कार्बन फायबरची, म्हणून हे जमतं. आमच्या वेळची काळी सायकल अशी उचलली असती तर दुसऱ्या जिन्यावरच बसकण मारावी लागली असती! आदल्या आठवड्यात सिंहगडाच्या उतारावर तो पडला होता. त्याचा गुडघा खरचटला होता आणि सायकलची खालची नळी दगडावर आपटून तिच्यावर बोटभर ओरखडा उठला होता. बाकी काही नाही.

"मामा, तू आयुष्यभर लोखंड मोडायचाच धंदा केलास ना? बघून सांग, ही चालवू की नको?"

धंदा म्हणजे काय, तर मी एका कारखान्याच्या चाचणी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. पोलादाचे तुकडे मशीनवर चढवायचे, तुटेपर्यंत हलवत राहायचं आणि किती फेऱ्यांनी तुटले ते वहीत लिहायचं. पण कार्बन हा काही माझा विषय नव्हे. "आठवडाभर सायकल इथेच राहू दे," असं सांगून मी वाचायला बसलो. त्यातून जे उमगलं ते इथे लिहून ठेवतोय.

लहानपणी पक्कड सापडली नाही की आपण तार पुढे-मागे वाकवून तोडायचो. एका झटक्यात जी तुटत नाही ती दहा-वीस वेळा वाकवल्यावर तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो साधारण असाच, फक्त तिथे तार वाकलेलीसुद्धा दिसत नाही. याची मोठी किंमत माणसाने पहिल्यांदा रेल्वेत मोजली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. पन्नासाहून जास्त माणसं गेली. जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला दुमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दीही त्यातच गेला. त्या सुमाराला रँकिन नावाच्या तरुण इंजिनियरने मोडलेले आस तपासून दाखवलं, की भेग एका दिवसात पडत नाही, ती बाहेरून आत हळूहळू सरकत जाते. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या व्होलरने वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन सिद्ध केलं, की एका ठरावीक ताणाच्या खाली राहिलं तर पोलाद जवळजवळ थकतच नाही. माझ्या तीस वर्षांच्या पगाराचा पाया म्हणजे हा व्होलर!

या थकव्याला एक आवाजही असतो. लहानपणी मनमाड स्टेशनात रात्री गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस चाकं ठोकत जायचा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चाक तडकलेलं. आमची आजी कुंभाराकडून मडकं घेताना हेच करायची. धातूचा हाच मोठा गुण. एक भेग पडते, ती सावकाश वाढते आणि शोधणाऱ्याला सापडते. अर्थात शोधायला हवी. कॉमेट या जेट विमानात ती कोणी वेळेवर शोधली नाही. १९५४ साली जानेवारी आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट इटलीजवळच्या समुद्रावर हवेतच फुटली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी संस्थेत एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, आतला दाब पुन्हा पुन्हा चढवत-उतरवत, ते फाटेपर्यंत तपासलं. तेव्हा कुठे थकव्याचा छडा लागला.

गंमत अशी, की त्याच फार्नबरोमध्ये दहा वर्षांनी वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन या तिघांनी मजबूत कार्बन फायबर तयार करायची रीत बसवली. जपानमध्ये शिंदो यांनी ॲक्रिलिकच्या धाग्यापासून कार्बनचा धागा आधीच काढला होता. फार्नबरोकरांनी तो ताणून धरून भाजला आणि त्याची ताकद कितीतरी वाढवली. रोल्स-रॉइसने लगेच त्याची जेट इंजिनाची पाती बनवली. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे वळावं लागलं, आणि त्या इंजिनाच्या खर्चापायी फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

पात्यांचा हा घोटाळा आघाताचा होता, थकव्याचा नव्हे. धाग्याच्या दिशेने ओढत राहिलं तर कार्बन ॲल्युमिनियमपेक्षा फारच कमी थकतो. म्हणूनच तर बोइंग ७८७ चं निम्म्याच्या आसपास वजन अशा संयुक्त पदार्थांचं आहे. त्यात खिडक्या मोठ्या ठेवता आल्या आणि आतला हवेचा दाबही इतर विमानांपेक्षा जास्त ठेवता आला.

मग अडतं कुठे? एक म्हणजे दाबात. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. धाग्यांना धरून ठेवते ती मधली राळ, आणि दाब आला की सगळी भिस्त तिच्यावर. दुसरं म्हणजे हा पदार्थ चिरोट्यासारखा, थरावर थर. त्यात एक भेग वाढत नाही. इथे राळ तडकते, तिथे चार धागे तुटतात, कुठे पापुद्रे सुटतात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. दगडाचा मार बसला तर वर नुसता ओरखडा आणि आत पापुद्रे सुटलेले, असंही होतं. पोलादाच्या भेगेसारखा "आता इतकी वाढली, अजून इतके दिवस टिकेल" हा हिशोब इथे सरळ मांडता येत नाही.

टायटन पाणबुडीचा मधला नळा कार्बन फायबरचा होता. टायटॅनिकचे अवशेष सुमारे ३८०० मीटर खोल आहेत. तिथे दर चौरस सेंटिमीटरला पावणेचारशे किलोहून जास्त भार येतो, म्हणजे पुन्हा दाबच. नळ्यातून धागे तुटल्याचे आवाज येतात का, हे ऐकायला तिच्यावर संवेदक बसवले होते. मडकं वाजवण्याचीच ही आधुनिक तऱ्हा. १५ जुलै २०२२ ला वर येताना मोठा आवाज झाला, आतल्या माणसांनी तो ऐकला. त्यानंतर नळ्याच्या ताणाची मोजमापंही बदलली. तरी ती पुन्हा पाण्यात गेली, आणि १८ जून २०२३ रोजी पाच माणसांसह क्षणात चिरडली. कंपनीचा प्रमुखही आतच होता. त्या आवाजाच्या वेळीच आतले थर सुटले होते, असं अमेरिकेतल्या चौकशीत पुढे निघालं. हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीतल्या सायकलकडे बघत बसलो. मनमाडच्या त्या माणसाला चाक बद्द वाजलं तर डबा थांबवता यायचा. टायटनवर कान होते, आकडेही होते. त्यांच्यावरून थांबा म्हणणारं कोणी नव्हतं, किंवा असलं तरी त्याचं चाललं नाही.

काल भाचा आला. मी रुपयाचं नाणं घेऊन नळी ठोकत गेलो. ओरखड्याजवळ आवाज जरासा बद्द वाटला.

"मला तर सगळीकडे सारखाच वाटतो," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. नळीची जाडी जागोजागी बदलते, तसा आवाजही बदलतो. पण खात्री नाही हेच पुरेसं कारण आहे, असं मी त्याला सांगितलं. अल्ट्रासाऊंडने तपासून घे, तोवर घाटात न्यायची नाही. स्वारी फुगून चहा न घेताच गेली. सायकल अजून माझ्याच गॅलरीत आहे.

रात्री फोन आला. "मामा, तुझी ती काळी सायकल अजून आहे का रे?"