शंकरराव चव्हाण : नगरपालिका ते नाथसागर



लोकनेत्यांची चरित्रे सांगताना त्यांच्या विजयांची यादी वाचण्याची आपल्याकडे रीत आहे. नांदेडच्या शंकरराव चव्हाणांचे चरित्र मात्र एका पराभवापासून समजून घ्यावे लागते.

१४ जुलै १९२० रोजी पैठण येथे त्यांचा जन्म झाला. हैदराबादेत कायद्याचे शिक्षण पुरे करून ते वकील झाले. परंतु स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामी राजवटीविरुद्ध लढा पेटताच वकिली बाजूस राहिली आणि ते उमरखेडच्या सरहद्दीवरील छावणीत दाखल झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. पुढे १९५२ साली विधानसभेची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, आणि लढ्यातून तावून निघालेल्या या तरुणास मतदारांनी नाकारले.

अशा प्रसंगी पुष्कळ जण लोकांस कृतघ्न ठरवून घरी बसतात. शंकररावांनी त्याच वर्षी नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपद पत्करले व १९५६ पर्यंत सांभाळले. नगरपालिकेचा कारभार म्हणजे नळ, गटारे, दिवे आणि रस्ते. तेथे टाळ्या क्वचितच मिळतात, तक्रारी मात्र रोज येतात. तथापि राज्यकारभार शिकावयास त्याहून चांगली शाळा नाही. १९५७ साली ते विधानसभेत निवडून गेले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर पाटबंधारे खाते त्यांजकडे आले. त्यांच्या कडक शिस्तीमुळे लोक त्यांस 'हेडमास्तर' म्हणत. आम्हा शिक्षकांस त्यात वावगे वाटावयाचे कारण नाही!

गोदावरी मराठवाड्यातून वाहते, परंतु काठावरचे शिवार कोरडेच राही. तिला अडविण्याची मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची होती. धरण पैठणला झाले, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले, तेव्हा शंकरराव राज्याचे मुख्यमंत्री होते.

त्या नाथसागराच्या पोटात शंभरावर गावांची जमीन गेली. शंकररावांच्या जन्मभूमीच्या परिसरातीलच शेतकऱ्यांस पिढीजात घरे सोडावी लागली. ज्यांची शेते कालव्याने भिजली, त्यांनी ज्यांची बुडाली त्यांचे ऋण विसरता कामा नये.

आणि धरणांनी प्रश्न संपला, असेही नव्हे. २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकरराव निवर्तले. केंद्रीय गृहमंत्रिपदापर्यंत ते पोहोचले, परंतु पाणी अडविणे जितके मोठे काम, तितकेच ते प्रत्येक नळापर्यंत नीट पोहोचविणे मोठे, हा धडा नगरपालिकेतलाच आहे. आमच्या गावोगावच्या पुढाऱ्यांनी तो पुनःपुन्हा गिरवावयास हवा.