डॉक्टर मोजके, गावं भरपूर : मग कोणतं काम कुणी करायचं? अणदूरने दिलेलं उत्तर

धाराशिव जिल्ह्यातलं अणदूर अनेकांना माहीत आहे ते खंडोबामुळे. पण ग्रामीण आरोग्यावर काम करणाऱ्यांमध्ये तुळजापूर तालुक्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. या कामाचा कणा म्हणजे ‘भारतवैद्य’.

भारतवैद्य म्हणजे कोण?

गावातलीच एक बाई. पदवी नाही, पण प्रशिक्षण घेतलेलं. ताप, खोकला, जुलाब यांवर प्राथमिक उपचार करायचे, गरोदर बायकांवर लक्ष ठेवायचं आणि धोका दिसला की पेशंटला वेळेत पुढे पाठवायचं. पुढच्या उपचारांसाठी अणदूरला संस्थेचं जानकी रुग्णालय आहे.

बाहेरून आलेला कर्मचारी संध्याकाळी घरी जातो. ही बाई मात्र रात्रीही गावातच असते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच विचार मांडला होता. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या आणि तो देशभर पोहोचला.

सरकारी उतरंड कशी असते?

सपाट भागासाठीचे निकष साधारण असे आहेत :

- आशा : १,००० लोकांमागे एक
- उपकेंद्र : ५,००० लोकांमागे एक, इथे आरोग्यसेविका (एएनएम) असते
- प्राथमिक आरोग्य केंद्र : ३०,००० लोकांमागे एक, इथे वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता
- ग्रामीण रुग्णालय : ३० खाटा
- त्यावर : उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय

डोंगरी आणि आदिवासी भागात उपकेंद्र ३,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्र २०,००० लोकसंख्येमागे असतं.

साखळी कुठे तुटते?

समजा, गरोदर बाईचा बीपी वाढलाय. आशा तिला तपासणीला आणते, आरोग्यसेविका बीपी मोजते, वैद्यकीय अधिकारी औषध देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतात. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. मग सिझेरियन होत नाही. खालच्या तिघांनी वेळेत केलेलं काम एका रिकाम्या खुर्चीपाशी अडतं.

दुसरी अडचण कारभाराची. महाराष्ट्रात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण रुग्णालयं मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. म्हणजे पेशंट एकच, पण वाटेत विभाग बदलतो. म्हणूनच पुढे पाठवतानाची चिठ्ठी, आधी केलेला फोन आणि १०८ रुग्णवाहिका यांना इतकं महत्त्व आहे.

बेटांवरही हाच प्रश्न

फिजीसारख्या बेटांच्या देशात प्रत्येक बेटावर तज्ज्ञ डॉक्टर ठेवणं शक्य नाही. तिथेही पहिली पायरी नर्सिंग स्टेशनची, मग आरोग्य केंद्र, उपविभागीय आणि विभागीय रुग्णालय. आपल्याकडे मधे समुद्र नसला तरी पावसाळ्यात रस्ता बंद झालेलं गाव बेटच असतं.

तुम्ही काय करू शकता?

आपल्या आशाताईंचा नंबर सेव्ह करा. आपलं गाव कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येतं आणि तिथल्या किती जागा भरलेल्या आहेत, हे ग्रामसभेत विचारा. गरज रात्री दोन वाजता पडते, चौकशी मात्र आधीच करून ठेवावी लागते.