टॉनिक सोल्फा

टॉनिक सोल्फा ही पाश्चात्त्य गायन अक्षरांच्या साहाय्याने लिहिण्याची व वाचण्याची पद्धती होय. पाच रेषांवरील स्वरलेखन न शिकलेल्या उपासकांनाही अनोळखी स्तोत्र कागदावरून थेट आणि चार आवाजांत गाता यावे, या हेतूने ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विकसित झाली. तिच्या मायदेशात ती मागे पडली असली, तरी दक्षिण आफ्रिका आणि मिझोरम येथील चर्चगायक आजही मुख्यतः तिच्याच आधारे वाचन करतात.

इतिहास

नॉर्विच येथील शिक्षिका सेरा ॲन ग्लोव्हर (१७८६–१८६७) यांनी मुलांना स्तोत्रे शिकवण्यासाठी अक्षरांची एक पद्धती तयार केली व १८३५ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. १८४१ मध्ये हल येथे भरलेल्या रविवारशाळा-शिक्षकांच्या परिषदेने गायन शिकवण्याचा सोपा मार्ग शोधण्याचे काम जॉन कर्वेन (१८१६–१८८०) या धर्मोपदेशकावर सोपवले. कर्वेन स्वतः संगीतज्ञ नव्हते. स्वरलेखन वाचताना येणारी अडचण त्यांनी स्वतः अनुभवली होती आणि पुढील कामात हीच बाब उपयोगी ठरली. त्यांनी ग्लोव्हर यांची पद्धती आधाराला घेऊन तीत बदल केले आणि पुढे स्वरांसाठी हस्तमुद्राही योजल्या. या मुद्रा झोल्तान कोदाय यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हंगेरियन शिक्षणपद्धतीमुळे जगभर पोहोचल्या. त्यामुळे त्या कोदाय यांच्याच आहेत असा समज आढळतो.

लेखनपद्धती

डो, रे, मी, फा, सो, ला, टी या सात नावांची रोमन आद्याक्षरे स्वरचिन्हे म्हणून वापरली जातात. जुन्या 'सी'ऐवजी 'टी' घेण्याचे कारण साधे आहे: 'सो' आणि 'सी' यांचे आद्याक्षर एकच येते. मात्रा अपूर्णविरामाने वेगळ्या केल्या जातात, स्वर लांबवण्यासाठी आडवी रेघ येते, तर सप्तक अक्षराशेजारील लहान खुणेने कळते. ही सर्व चिन्हे सामान्य छापखान्याच्या खिळ्यांत उपलब्ध असल्याने स्तोत्रसंग्रह स्वस्तात छापता येत.

'डो' येथे स्थिर नसतो. गीताची पट्टी कोणतीही असली तरी तिचा आधारस्वर 'डो'च. सा-रे-ग-म परिचित असलेल्या मराठी वाचकास ही कल्पना नवी वाटणार नाही, कारण षड्जही असाच गायकाच्या पट्टीनुसार ठरतो. फरक असा, की हिंदुस्थानी गायनात षड्ज सहसा गाण्याच्या अखेरपर्यंत कायम राहतो, तर सोल्फामध्ये मध्येच पट्टी बदलल्यास 'डो'ही हलतो. सांध्यावरील स्वराला तेव्हा जुने व नवे अशी दोन नावे दिली जातात. गायकाचा खरा कस येथेच लागतो. पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या गोव्यातील चर्चच्या सोल्फेजोत मात्र 'डो' स्थिर असतो आणि वाचन पाच रेषांवरूनच होते.

प्रसार

वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्यांत हजारोंनी सोल्फा शिकले आणि हँडेलच्या 'मसाया'सारख्या मोठ्या रचनाही त्यावरून गायल्या गेल्या. मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत पोहोचली. इनॉक सोंतोंगा यांनी १८९७ मध्ये रचलेले, पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग झालेले 'न्कोसी सिकेलेल इ आफ्रिका' सोल्फातच लिहिले गेले होते.

मिझोरममध्ये वेल्श मिशनऱ्यांनी ही पद्धती नेली. तेथील स्तोत्रसंग्रह सोल्फातच छापले जातात आणि गायकवृंद चारही आवाज त्यावरून बसवतात. तथापि मिझो ख्रिस्ती गायन केवळ वाचनावर उभे नाही. ढोलाच्या साथीने, ऐकून आत्मसात करून गायले जाणारे 'लेंगखॉम झाई' ही विसाव्या शतकात रूढ झालेली स्वतंत्र शैली आहे. त्याच समाजातील गायक चर्चच्या एका प्रसंगी अक्षरे वाचतो, तर दुसऱ्या प्रसंगी कानावर विसंबतो.

मर्यादा

सोल्फा गायकासाठी आहे, वादकासाठी नाही. कोणती कळ दाबावी हे त्यावरून थेट कळत नाही. वारंवार पट्टी बदलणाऱ्या आधुनिक रचनाही त्यात किचकट होतात. कर्वेन यांच्या मूळ कल्पनेनुसार ती पाच रेषांच्या वाचनाकडे नेणारी पायरी होती, परंतु अनेक ठिकाणी तीच अंतिम मुक्काम ठरली. याचा परिणाम दक्षिण आफ्रिकेत विशेष दिसतो. वाद्यवृंदासोबत गाताना वादक एका लिपीतून, तर गायक दुसऱ्या लिपीतून वाचत असल्याने 'अमुक ओळीपासून पुन्हा' एवढी साधी सूचनाही दोघांना वेगवेगळी द्यावी लागते. त्यामुळे तेथे दोन्ही लिपी एकाखाली एक छापलेल्या आवृत्त्या वापरात आल्या.