धारची अंबिका

आमच्या तिरल्यापासून धार जवळच. पण धारची ही मूर्ती मी पाहिली ती थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. दिवसभर इजिप्त, असीरिया बघून पाय भरून आले होते. मग ही पांढऱ्या संगमरवराची देवी समोर आली आणि मी तिथेच थबकले.

१८७५ मध्ये धारला सापडलेल्या या मूर्तीला पुष्कळजण भोजराजाची वाग्देवी म्हणतात. पायथ्याला लेख आहे, संवत १०९१ चा, म्हणजे इ. स. १०३४ चा. अभ्यासकांनी तो असा वाचलाय : वररुचीने आधी वाग्देवी, मग तीन जिनमूर्ती करवल्या आणि त्यानंतर ही अंबा. घडवणारा मणथल, सूत्रधार साहिराचा मुलगा. देवीच्या पायाशी सिंहही आहे.

अंबिका म्हणजे नेमिनाथांची यक्षी. तिची कथा आपण ऐकलेली असते. श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांच्या आधी मुनींना वाढला, म्हणून नवऱ्याने तिला दोन लेकरांसह घराबाहेर काढलं. चुलीपुढची साधी बाई ती. पुढे यक्षी झाली.

वाग्देवीही वररुचीचीच, तिचा मान कमी होत नाही. पण बायांनो, या आईचं नाव दगडावर कोरलेलं असताना आपण तरी ते वाचूया, लेकीसुनांना सांगूया.