घरी घडविलेल्या ध्वनियंत्रणेचा विमा : मोल आधीच ठरवा

हौसेला मोल नसते, असे म्हटले जाते. विम्याच्या व्यवहारात मात्र मोल न ठरलेल्या वस्तूची भरपाई मिळणे अवघड असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून स्वतः अॅम्प्लिफायर जुळविणारे, सुताराकडून स्पीकरच्या पेट्या करवून घेणारे हौशी अनेक आहेत. अशा यंत्रणेवर लाख-दोन लाख रुपये सहज खर्च होतात. पण तिच्यावर ना कंपनीचे नाव असते, ना मॉडेल क्रमांक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरील घरांत पाणी शिरून सामानाची दैना झाली होती. अशा वेळी दुकानातून घेतलेल्या यंत्राची किंमत बिलावरून कळते. घरी घडविलेल्या यंत्राची किंमत मालकालाच सिद्ध करावी लागते.

पॉलिसीत काय बसते?

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत इमारतीबरोबर घरातील सामानाचाही विमा उतरविता येतो. इमारतीचा विमा घेतल्यास सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. त्याहून अधिक हवे असल्यास सामानाचा तपशील द्यावा लागतो. सामानाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा समावेश आहे. त्या कारखान्यातच तयार झालेल्या असाव्यात, अशी अट त्या व्याख्येत नाही.

आग, वीज कोसळणे, पूर, वादळ, भूकंप, दंगल ही संकटे या पॉलिसीत येतात. चोरीचे संरक्षण मात्र मर्यादित आहे : अशा एखाद्या दुर्घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तीत धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

दोन अपवाद हौशी कारागिरांनी आवर्जून वाचावेत. शॉर्ट सर्किट, अतिभार किंवा यंत्र आपोआप तापल्यामुळे जे यंत्र जळाले, त्या यंत्राची भरपाई मिळत नाही. त्यातून आग पसरून इतर सामान जळाल्यास त्याची मिळते. म्हणजे घरच्या अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आतूनच जळाला, तर तो खर्च मालकाचा. दुसरा अपवाद आराखडे व रेखाचित्रांचा आहे. पॉलिसीत तसे स्पष्ट नमूद केलेले नसेल, तर सर्किटच्या मूळ आराखड्याला संरक्षण नसते. त्याची प्रत घराबाहेर ठेवणे हाच उपाय.

तीन किमती, तीन उत्तरे

सामान नष्ट झाल्यास कंपनी ते दुरुस्त करून देते, दुरुस्तीचा खर्च देते किंवा 'तीच अथवा तशीच' वस्तू घेण्याचा खर्च देते. घरी घडविलेल्या यंत्राच्या बाबतीत 'तशीच' वस्तू कोणती, हाच वादाचा मुद्दा ठरतो.

उदाहरणार्थ, एका व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरसाठी ६० हजार रुपयांचे सुटे भाग लागले. तो तंत्रज्ञाकडून पुन्हा बांधून घेतल्यास मजुरीसह ९० हजार लागतील. त्याच क्षमतेचा नामांकित कंपनीचा अॅम्प्लिफायर दोन लाखांना मिळतो. पण हा जुना म्हणून विकायला काढला तर ४० हजारच येतील. चारपैकी पहिली रक्कम साहित्याची, दुसरी पुनर्निर्मितीची, तर शेवटची बाजारभावाची. दोन लाखांचा आकडा केवळ तुलनेचा. नुकसान भरून निघावे, नफा होऊ नये, हे विम्याचे मूलतत्त्व असल्याने तो आकडा मान्य होणे कठीण. बाजारभावाच्या ४० हजारांत तर यंत्र पुन्हा उभे राहणार नाही. म्हणून पुनर्निर्मितीचा खर्च हाच मालकासाठी योग्य आधार ठरतो. त्यातही स्वतःच्या श्रमांची पावती नसते. एखाद्या तंत्रज्ञाचे लेखी दरपत्रक जोडल्यास मजुरीला आधार मिळतो.

ज्या पॉलिसीत भरपाई बाजारभावाने असते, तेथे घसारा वजा होतो. सर्व यंत्रणेला सरसकट एकच घसारा लावला जाऊ नये, यासाठी भागांची स्वतंत्र यादी उपयोगी पडते. व्हॉल्व्ह काही हजार तासांत झिजतात आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात. परंतु चांगला ट्रान्सफॉर्मर किंवा सागवानी पेटी अनेक दशके टिकते.

कमी रकमेचा विमा महागात

हप्ता वाचविण्यासाठी रक्कम कमी दाखविणे अनेक पॉलिसींमध्ये अंगाशी येते. दोन लाखांच्या सामानाचा एक लाखाचाच विमा असेल आणि ५० हजारांचे नुकसान झाले, तर प्रमाणशीर कपातीच्या अटीनुसार २५ हजारच हाती पडतात. 'भारत गृह रक्षा'त ही कपात नाही. तरीही विमा रकमेपेक्षा अधिक भरपाई मिळत नाहीच.

याच पॉलिसीत कलाकृती, पुराणवस्तू अशा मौल्यवान वस्तूंसाठी आधीच किंमत मान्य करून घेण्याचा पर्याय आहे. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि प्रत्येक वस्तू एक लाखापर्यंत असल्यास मूल्यांकन प्रमाणपत्राची गरज नसते. घरची ध्वनियंत्रणा या वर्गात घेणार का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. प्रमाणपत्र लागलेच, तर नोंदणीकृत मूल्यांककांचे वर्ग जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे असे तीनच आहेत. ध्वनियंत्रणेचा वेगळा वर्ग नसल्याने यंत्रसामग्रीच्या मूल्यांककाकडे जावे लागते.

हीच यंत्रणा भाड्याने किंवा कार्यक्रमांसाठी वापरली जात असेल, तर घरगुती पॉलिसीवर विसंबू नये. व्यावसायिक विमा घ्यावा.

दावा करण्यापूर्वीची तयारी

- सुट्या भागांची जीएसटी बिले घ्यावीत; साध्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. परदेशातून मागविलेल्या भागांच्या सीमाशुल्काच्या पावत्या जपाव्यात.
- बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची तारखेसह छायाचित्रे काढावीत. आतील जोडणी, फ्यूज आणि अर्थिंग त्यांत स्पष्ट दिसावे. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये चारशे-पाचशे व्होल्टचा दाब असू शकतो. निष्काळजीपणाचा आक्षेप आल्यास ही छायाचित्रेच उत्तर देतात.
- यंत्रावर न पुसणारा क्रमांक कोरावा आणि तोच यादीत नोंदवावा.
- दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी सुट्या भागांचे चालू दर पाहून रक्कम सुधारावी.
- 'स्वनिर्मित' हा शब्द प्रस्तावातच लिहावा. माहिती दडविल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

नुकसान झाल्यावर कंपनीला तत्काळ कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भिजलेले वा जळालेले यंत्र भंगारात देऊ नये. किमतीवर मतभेद झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर अमान्य असल्यास वर्षभरात विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथेही आहेत, शुल्क लागत नाही आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. लोकपालही कागदपत्रे पाहूनच निवाडा देतात. त्यामुळे बिले, छायाचित्रे आणि दरपत्रकाची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी. यंत्राबरोबर तीही पाण्यात गेली, तर दाव्याला आधार उरत नाही.