‘वसाहत’ ते ‘सागरपार प्रांत’ : १९५१ची पोर्तुगीज घटनादुरुस्ती आणि गोव्याच्या सार्वभौमत्वाचा राजनैतिक वाद

प्रस्तावना

गोवा मुक्तिसंग्रामाचा इतिहास मराठीत प्रामुख्याने सत्याग्रहाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी केलेला कायदेभंग, १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर सत्याग्रहींवर झालेला गोळीबार आणि डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाई हे त्या इतिहासाचे ठळक टप्पे होत. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगवास भोगला त्यांच्या आठवणी आपल्या साहित्यात आहेत, आणि त्या असणे उचितच आहे. परंतु याच वर्षांत आणखी एका आघाडीवर संघर्ष चालू होता. त्याचे रणांगण लिस्बन, नवी दिल्ली, न्यूयॉर्क आणि हेग येथे होते आणि शस्त्र होते शब्द. एखाद्या राष्ट्राने आपल्या राज्यघटनेतील एक शब्द बदलला म्हणजे परक्या भूमीवरील त्याचा ताबा स्वदेशावरील सत्तेत रूपांतरित होतो काय, हा या संघर्षाचा गाभा होता. प्रस्तुत लेखात ११ जून १९५१ च्या पोर्तुगीज घटनादुरुस्तीचा आणि तिच्यामुळे भारत-पोर्तुगाल संबंधांत निर्माण झालेल्या तणावाचा विचार केला आहे.

वसाहत कायदा आणि गोव्यातील प्रतिक्रिया

‘प्रांत’ हा शब्द १९५१ मध्ये नव्याने घडविला गेला नव्हता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १८२२ च्या पोर्तुगीज राज्यघटनेने गोव्यास राष्ट्रीय प्रदेशात गणले होते आणि बर्नार्दु पेरिश द सिल्व्ह यांच्यासारखे गोमंतकीय लिस्बनच्या संसदेवर निवडून गेले होते. एकोणिसाव्या शतकात सागरपार मुलखांना प्रांत म्हणण्याची रूढी होती. सालाझार यांच्या राजवटीने मात्र ही परंपरा मोडली. १९३० च्या ‘वसाहत कायद्या’ने या मुलखांना स्पष्टपणे वसाहती म्हटले आणि सागरपार प्रदेश ताब्यात ठेवणे, तेथे वसाहत करणे व मूळ रहिवाशांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत ऐतिहासिक कार्य असल्याचे घोषित केले.

गोव्यातील सुशिक्षित वर्गाला हा कायदा अपमानास्पद वाटला. जुलै १९३० मध्ये लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्याचा निषेध करणारा ठराव मांडला आणि पोर्तुगीज हिंदुस्थानला आपले भवितव्य स्वतः ठरविण्याचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९४५ ते १९४९ या काळात लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत गोव्याचे प्रतिनिधित्व करणारे वैद्यकशास्त्रज्ञ फ्रोइलानु द मेलु यांनीही हा कायदा रद्द करून स्वायत्तता द्यावी, अशी मागणी लावून धरली. ते भारतात विलीन होण्याचे पुरस्कर्ते नव्हते. त्यांना हवी होती ती पोर्तुगीज चौकटीतील प्रतिष्ठा आणि स्वशासन. ही मध्यममार्गी मागणी आज आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेली आहे, परंतु १९५१ च्या दुरुस्तीचे मर्म कळण्यासाठी ती ध्यानात ठेवावी लागते.

१९५१ ची दुरुस्ती

स्वतंत्र भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालला अधिकृत निवेदन देऊन आपल्या भूमीवरील पोर्तुगीज प्रदेशांच्या भवितव्याविषयी वाटाघाटी सुरू करण्याची विनंती केली. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या उत्तरात सार्वभौमत्व हा चर्चेचा विषयच होऊ शकत नाही, अशी भूमिका पोर्तुगालने घेतली. या भूमिकेमागे घटनेचा आधार होता. १९३३ च्या पोर्तुगीज राज्यघटनेच्या पहिल्या कलमात राष्ट्रीय प्रदेशांची यादी असून तीत आशियातील ‘एस्तादु द इंदिया’चा समावेश होता, तर दुसऱ्या कलमान्वये राष्ट्रीय प्रदेशाचा कोणताही भाग परक्यास देण्यास राज्यसंस्थेला मनाई होती. आपण स्वतःच लिहिलेल्या घटनेने आपले हात बांधले आहेत, असे म्हणण्याची ही सोय मोठी होती.

पुढच्याच वर्षी ही तटबंदी अधिक भक्कम करण्यात आली. ११ जून १९५१ च्या कायद्याने १९३० चा वसाहत कायदा स्वतंत्र कायदा म्हणून संपुष्टात आला आणि त्यातील तरतुदी ‘पोर्तुगीज सागरपार प्रदेश’ या शीर्षकाखाली घटनेतच समाविष्ट झाल्या. ‘वसाहती’ आता ‘प्रांत’ झाल्या आणि वसाहत मंत्रालय ‘सागरपार मंत्रालय’ झाले. हे प्रांत पोर्तुगीज राज्याचे अविभाज्य भाग असून परस्परांशी व मातृभूमीशी एकजीव आहेत, असे नमूद करण्यात आले. हा बदल लिस्बनमध्येही सर्वांना पटला होता असे नाही. मार्सेलु कायतानु यांच्या अध्यक्षतेखालील कॉर्पोरेटिव्ह चेंबरने या नामांतराबाबत प्रतिकूल मत दिले होते. हेच कायतानु पुढे सालाझार यांचे उत्तराधिकारी झाले, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्याजोगी आहे.

दुरुस्तीचा मजकूर बारकाईने वाचला असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘वसाहत’ हे नाम वगळले गेले, पण ‘वसाहत करणे’ हे क्रियापद राहूनच गेले. नव्या १३३व्या कलमातही शोधयात्रांनी सापडलेल्या भूमींवर वसाहत करणे आणि तेथील लोकांपर्यंत आपल्या संस्कृतीचे लाभ पोहोचविणे हे राष्ट्राचे ऐतिहासिक कार्य म्हणून कायम होते. पाटी बदलली, दुकान तेच राहिले. वसाहत कायदा जावा ही फ्रोइलानु द मेलु यांची मागणी अक्षरशः पूर्ण झाली, परंतु ज्या हेतूने ती केली गेली होती तो स्वायत्ततेचा हेतू मात्र बाजूलाच पडला. १९५३ चा सागरपार संघटना कायदा व १९५५ चा एस्तादु द इंदियाचा संविधी यांनी स्थानिक विधान परिषदेला काही स्थान दिले. अंतिम सूत्रे मात्र लिस्बन आणि तेथून नेमलेला गव्हर्नर जनरल यांच्याकडेच होती.

पोर्तुगालच्या बाजूने एक मुद्दा मान्य केला पाहिजे. आफ्रिकेतील अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथे लागू असलेला ‘मूळ रहिवासी’ हा दुय्यम दर्जा गोमंतकीयांना लागू नव्हता, ते कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते. पोर्तुगीज मुत्सद्दी हा युक्तिवाद सतत करीत आणि तो खोटा नव्हता. मात्र सालाझार यांच्या राजवटीत लिस्बनमधील नागरिकालाही भाषण, मुद्रण व संघटनेचे स्वातंत्र्य नव्हते. समता होती, ती स्वातंत्र्याच्या अभावाची. फेब्रुवारी १९५४ मध्ये गोव्यातील एका भोजनसमारंभात गोवा म्हणजे पोर्तुगालच अशा आशयाचे उद्गार निघाले, तेव्हा शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी ‘मी निषेध करतो’ एवढेच म्हटले. त्याबद्दल त्यांना अटक होऊन लिस्बनला नेण्यात आले. घटनेतील एका विधानाला जेवणाच्या मेजावर विरोध करणे हा गुन्हा ठरावा, यावरून त्या विधानावर राजवटीचे किती अवलंबून होते ते कळते.

राजनैतिक संबंधांचा विच्छेद

लिस्बनमधील प्रतिसाद थंड राहिल्याने भारताने ११ जून १९५३ रोजी तेथील आपली वकिलात बंद केली. घटनादुरुस्तीला त्या दिवशी बरोबर दोन वर्षे पूर्ण होत होती, हा अर्थातच योगायोग. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली आणि १९५५ च्या सत्याग्रहानंतर उरलेसुरले संबंधही तुटले.

याच सुमारास फ्रेंच वसाहतींचा प्रश्न कसा सुटला, याच्याशी तुलना उद्बोधक ठरते. फ्रान्सच्या १९४६ च्या घटनेतही प्रदेश सोडण्यापूर्वी तेथील लोकांची संमती घेण्याची अट होती. फ्रान्सने ती अट अडसर म्हणून न वापरता मार्ग म्हणून वापरली. ऑक्टोबर १९५४ मध्ये किळूर येथे लोकप्रतिनिधींनी १७० विरुद्ध ८ मतांनी विलीनीकरणाचा कौल दिला आणि १ नोव्हेंबरला पाँडिचेरीचा प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला. तात्पर्य, घटनेतील कलम राज्यकर्त्यांना बांधते ते त्यांनी बांधून घ्यायचे ठरविले तरच. भारतीय घटनाकारांनीही गोव्यावरील दावा घटनेत लिहिला नव्हता. पहिल्या अनुच्छेदात ‘संपादित करण्यात येतील असे अन्य प्रदेश’ एवढीच मोकळी जागा त्यांनी ठेवली होती.

शब्दाचे मोल १९५५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय व्यवहारात दिसून आले. नोव्हेंबरमध्ये भारतभेटीवर आलेल्या बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह यांनी गोव्याच्या प्रश्नावर भारताला उघड पाठिंबा दिला. त्यानंतर २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलु कुन्य यांच्या संयुक्त निवेदनात ‘पोर्तुगीज प्रांत’ हा शब्दप्रयोग आला. भारतात त्यावर संतापाची लाट उसळली आणि ती समजण्यासारखी होती. चार वर्षांपूर्वी लिस्बनने घडविलेला शब्द एका महासत्तेने जणू निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून उच्चारला होता.

हेग येथील निवाडा आणि मराठ्यांची सनद

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. पाचव्या दिवशी त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अनिवार्य अधिकारक्षेत्र मान्य केले आणि आठव्या दिवशी, म्हणजे २२ डिसेंबरला, दमणहून दादरा-नगर हवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी भारताविरुद्ध दावा दाखल केला. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा खटला अधिक परिचित असावयास हवा. पोर्तुगालचा मुख्य आधार १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा हा होता. त्या तहान्वये पेशव्यांनी बारा हजार रुपये महसुलाची गावे पोर्तुगीजांना दिली होती.

१२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निवाड्यात न्यायालयाने तह वैध ठरविला, परंतु मराठ्यांनी दिला तो केवळ सरंजामी स्वरूपाचा महसुली हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असे स्पष्ट केले. पोर्तुगीज सार्वभौमत्व निर्माण झाले ते पुढे इंग्रजांच्या मूक संमतीने. पुणे दरबारच्या कागदांतील संज्ञांचा अर्थ लावण्याची वेळ हेगच्या न्यायाधीशांवर यावी, हा प्रसंग विरळाच. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्या वाहतुकीचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, सैन्य, पोलीस व शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय झाला. दोन्ही राजधान्यांनी त्यात आपापला विजय पाहिला. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की न्यायालयाने हक्काचा उगम शोधला तो दीर्घकालीन प्रत्यक्ष वहिवाटीत, १९५१ च्या घटनेतील शब्दांत नव्हे.

संयुक्त राष्ट्रसंघातील कसोटी

सनदेच्या ७३व्या अनुच्छेदानुसार स्वशासन न लाभलेल्या प्रदेशांविषयी माहिती सादर करणे प्रशासक राष्ट्रांवर बंधनकारक होते. १९५६ मध्ये सरचिटणीसांनी नव्या सदस्यांकडे विचारणा केली, तेव्हा असे कोणतेही प्रदेश आपल्याकडे नाहीत, असे उत्तर पोर्तुगालने नोव्हेंबरमध्ये दिले. आपल्याकडे आहेत ते प्रांत, आणि प्रांतांची माहिती कोणी मागत नाही. १९५१ च्या दुरुस्तीचे खरे प्रयोजन या एका उत्तरात उघड होते. सुधारणा शासितांसाठी नव्हती, प्रश्नकर्त्यांसाठी होती.

आमसभेने हे उत्तर मान्य केले नाही. भारतासह सहा राष्ट्रांच्या समितीने या प्रश्नाची तत्त्वे निश्चित केली आणि डिसेंबर १९६० मध्ये १५४१ क्रमांकाच्या ठरावाने ती स्वीकारण्यात आली. प्रशासक देशापासून भौगोलिकदृष्ट्या अलग आणि वांशिक वा सांस्कृतिकदृष्ट्या भिन्न असलेला प्रदेश प्रथमदर्शनी स्वशासित नाही, हे त्यातील मुख्य सूत्र. त्याच दिवशी, १५ डिसेंबर १९६० रोजी, १५४२ क्रमांकाच्या ठरावाने पोर्तुगालच्या नऊ प्रदेशांची यादी देण्यात आली. तीत ‘गोवा व त्याचे अधीन प्रदेश’ यांचा नामनिर्देश होता. लिस्बनने दिलेले नाव आंतरराष्ट्रीय समुदायाने नाकारले होते.

मात्र त्यातून एक वेगळा पेच उद्भवत होता. स्वशासन न लाभलेला प्रदेश म्हटला, की स्वनिर्णयाचा हक्क तेथील जनतेकडे जातो. भारताची भूमिका तर गोवा हा भारताचाच भाग असल्याची होती. वर्षभराने १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी वसाहतवादाचे अवशेष नष्ट करण्याचा मुद्दा मांडला, तर अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापराचा. युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावास सात मते अनुकूल व चार प्रतिकूल पडली आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. गोमंतकीयांचा कौल स्वतंत्रपणे घ्यावा काय, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. स्वायत्ततेची मागणी करणाऱ्या जुन्या गटाला याचे शल्य राहिले असल्यास नवल नाही. परंतु या स्थितीची पहिली जबाबदारी लिस्बनवरच येते. १९५१ मध्ये पोर्तुगालने दार घटनेनेच बंद केले, आणि वाटाघाटी नाहीत म्हटल्यावर लोकमत अजमावण्याची प्रक्रियाही संभवत नव्हती.

बाराव्या घटनादुरुस्तीने १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव भारताचा केंद्रशासित प्रदेश झाले आणि हा बदल २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरण्यात आला. पोर्तुगालने मात्र आपल्या घटनेतील पहिले कलम आणखी तेरा वर्षे तसेच ठेवले. एप्रिल १९७४ मधील क्रांतीनंतर जुलैमध्ये सागरपार प्रदेशांचा स्वनिर्णयाचा हक्क मान्य करण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये खास कायदा करून, पहिले कलम त्या मर्यादेत रद्दबातल ठरवून, राष्ट्राध्यक्षांना भारताशी करार करण्याचा अधिकार देण्यात आला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि मारियु सोआरिश यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते त्या दिवसापासून नव्हे, तर भारतीय राज्यघटनेनुसार हे प्रदेश भारताचे भाग झाले त्या त्या दिनांकापासून.