गवत, पेंड आणि दूध

आपल्या गवळी समाजाच्या इतिहासाचा विचार करताना कुळे, देवके आणि मूळ गावे यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या वैरणीच्या आधारावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या, तिचा इतिहास लिहिण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः गवळ्याचे बरेवाईट दिवस गव्हाणीतच ठरत आले आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विषय ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या उष्ण प्रदेशातील गवताचा स्वभाव प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. मृगाच्या पावसाबरोबर ते झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने जून होते. कोवळेपणी त्यात प्रथिने बरी असतात. फुलोरा येऊन गेला की काडी कठीण होते व सत्त्व उतरते. वाळल्या रानगवतात किंवा कडब्यात शेकडा तीन-चार भागच प्रथिने उरतात. जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्म जंतू चारा कुजवून पचवितात आणि त्या जंतूंनाही नत्र लागते. शास्त्रज्ञांच्या मते चाऱ्यातील प्रथिने शेकडा सातांच्या खाली गेली की हे जंतू उपाशी राहतात, पचन मंदावते आणि गव्हाण भरलेली असूनही जनावर कमी खाते. उन्हाळ्यात गंजी शिल्लक असताना म्हैस आटते, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

आपल्या पूर्वजांना प्रथिन हा शब्द ठाऊक नव्हता, परंतु उपाय ठाऊक होता. दुभत्या जनावरास भिजविलेली सरकी, तेल्याच्या घाण्यावरची पेंड व डाळीची चुणी यांचे आंबोण मिळत असे आणि बाकीचे पोट गायरानात व रानात भरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेचे दोन्ही खांब हलले. 1878 च्या जंगल कायद्याने सरकारी रानांवरील निर्बंध कडक झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गुरांची चराई बंद करणाऱ्या जंगलखात्यावर कठोर टीका केली आहे. दुसरीकडे तेलबिया जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागल्या. इंग्रज कृषिरसायनज्ञ डॉ. व्होल्कर यांनी 1893 च्या आपल्या अहवालात या निर्यातीमुळे देशाच्या जमिनीचे सत्त्व बाहेर जाते, असे दाखवून दिले. बी परदेशी गेले की पेंडही जाते; म्हणजे जमिनीचे खत आणि गुरांचा खुराक ही दोन्ही एकदमच गेली.

यापुढील प्रकरण मुंबईचे. शहरातील तबेल्यांत गायरान कसले! तेथे सर्व वैरण व पेंड विकतची. साहजिकच म्हैस भाकड झाली की तिला पोसणे परवडत नसे आणि उत्तम जातीच्या कित्येक म्हशी कसायाकडे जात. या अनर्थाला आळा घालावा व शहर स्वच्छ राहावे या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 साली आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. तेथे सुमारे सोळा हजार म्हशींची सोय झाली आणि त्यांच्यासाठी पॅरा गवताची लागवड करण्यात आली. पाणथळ जागी व गोठ्यांच्या सांडपाण्यावर वाढणारे हे गवत आपल्या लोकांच्या चांगल्या परिचयाचे झाले.

गुजरातेत खेडा जिल्ह्याने निराळी वाट धरली. 1946 साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथे दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. केवळ दूध गोळा करून भागत नाही, खुराकही उत्पादकाच्याच हाती हवा, हे त्या संघाने ओळखले. त्याच्या कंजरी येथील पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन 31 ऑक्टोबर 1964 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. आदल्या रात्री शास्त्रीजी अजरपुरा या खेड्यात मुक्काम करून गावकऱ्यांशी बोलले. या भेटीतूनच 1965 साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा जन्म झाला. महाराष्ट्रात उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 साली स्थापिलेल्या संस्थेने संकरित गाईंबरोबर सुबाभळीचा प्रसार केला. सुबाभळीचा पाला म्हणजे झाडावर वाढणारी पेंडच. मात्र त्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असल्यामुळे तो इतर चाऱ्यात मिसळून बेतानेच घालावा लागतो.

पेंडीच्या बाबतीतही सावधगिरी हवी. 1960 साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध घेता बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन नावाचे विष त्यास कारण असल्याचे आढळले. हे विष दुधातही उतरते. तेव्हा स्वस्त मिळते म्हणून ओलसर, काळवंडलेली पेंड घेणारा गवळी आपले जनावर आणि गिऱ्हाइकाचे मूल या दोहोंस धोक्यात घालतो.

या इतिहासातून घेण्यासारखा बोध सोपा आहे. गायराने आकसली आहेत आणि पेंडीचा भाव आपल्या हाती नाही. पण गवत कधी कापावे हे आपल्याच हाती आहे. हत्ती गवत उंच होण्याची वाट न पाहता कोवळे कापावे. त्याच्या जोडीला घासाचा, म्हणजे लसूणघासाचा, एखादा वाफा राखावा. शंभर किलो कोरड्या वैरणीवर चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा व ती तीन आठवडे घट्ट झाकून ठेवावी. असे केल्याने तिचे सत्त्व वाढते. कोरडा युरिया मात्र जनावराच्या तोंडी कदापि लागू देऊ नये. पेंड मुठीने न घालता दुधाच्या मानाने तोलून घालावी.

आज आपली मुले शिकून निरनिराळ्या व्यवसायांत जात आहेत, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु ज्या घरांत अद्याप गोठा आहे, तेथील वडीलधाऱ्यांना कोणते गवत कोणत्या महिन्यात दुधास चढते, हे अनुभवाने ठाऊक असते. ती माहिती त्यांच्या हयातीतच वहीत उतरवून ठेवावी. पुढे एखाद्या तरुणाने गोठा पुन्हा उभा करावयाचे मनात आणले, तर वडिलांच्या जमिनीइतकीच ती वहीही त्याच्या उपयोगी पडेल.